चिमण्यांची पेटी, तिसरा हंगाम: यंदा घास मोजतोय

आज पहिल्या विणीची उरलेली दोन पिल्लंही पेटीबाहेर पडली. चार अंडी, तीन पिल्लं उडाली, एक अंडं फुटलंच नाही. पहिली दोन वर्षं माझी वही एवढ्यावरच थांबायची. यंदा रोज सकाळी अर्धा तास दुर्बीण पेटीच्या भोकावर लावून बसलो आणि चोचीत काय आलं ते लिहीत गेलो.

याला कारण मागच्या वर्षीची दुसरी वीण. तिन्ही पिल्लं सहा दिवसांची होण्याआधीच गेली, आणि दाण्यांचं भांडं तेव्हा काठोकाठ भरलेलं होतं. मोठी चिमणी दाण्यांवर जगते, पण कोवळ्या पिल्लाला अळ्या, मावा (झाडांवरची बारीक कीड), कोळी असलं मऊ खाणंच लागतं. त्यातल्या प्रथिनांवर पिसं आणि स्नायू वाढतात. त्याच आठवड्यात समोरच्या मोकळ्या जागेतलं तण मुळापासून साफ झालं होतं. पिल्लं त्यामुळेच गेली असं मी म्हणू शकत नाही, कारण घासांची नोंदच माझ्याकडे नव्हती. ते अजून सलतं.

यंदाचं निरीक्षण: पहिले तीन-चार दिवस घास इतके बारीक की बहुतेक ‘ओळखता आला नाही’ या रकान्यात गेले. (हा रकाना ठेवाच, अंदाजाने अळी लिहू नका.) पुढे हिरव्या अळ्या स्पष्ट दिसू लागल्या, दाणे अगदी शेवटी आले. दोघंही भरवतात, गळ्यावरच्या काळ्या डागामुळे नर लगेच कळतो, म्हणून फेऱ्या वेगळ्या लिहिता आल्या.

अळ्या कधी येतात यावर किती काही अवलंबून असतं! इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या वायटम वूड्स या जंगलात ग्रेट टिट या छोट्या पक्ष्याच्या नोंदी १९४७ पासून चालू आहेत. वसंत लवकर तापू लागला तशा ओकच्या झाडांवरच्या अळ्या लवकर आल्या, आणि या पक्ष्यांची अंडीही १९६०च्या दशकापेक्षा सुमारे दोन आठवडे आधी येऊ लागली. आफ्रिकेत हिवाळा काढणाऱ्या पाइड फ्लायकॅचर या छोट्या पक्ष्याला मात्र युरोपातली पालवी तिथून कळत नाही, आणि अळ्यांची वेळ हुकते. नेदरलँड्समध्ये जिथे अळ्यांचा हंगाम सर्वांत आधी उरकतो, तिथे त्यांची संख्या दोन दशकांत जवळपास ९० टक्क्यांनी घटली.

मादी परवापासून पुन्हा काड्या नेतेय. पेटीजवळचा तणाचा पट्टा मी या वेळी अजिबात न कापता ठेवलाय, आणि पानांच्या मागे मावा दिसतोय.