आज्जीच्या सुरकुत्या आणि रोमन माणसांची डोकी

वर्षश्राद्धाला लावायला म्हणून आज्जीचा फोटो मोठा करून आणला, बेळगावातल्या एका स्टुडिओतनं. निपाणीत घरी आणून कागद सोडला तर आत्त्या बघतच राहिली, म्हणाली, "ही आमची आई न्हवंच की." खरंच न्हवती. तंबाखूच्या वखारीत उभा जन्म गेलेली बाई, आणि गाल कसे गुळगुळीत केलेले, हनुवटीवरचा तीळसुद्धा गायब.

मला तिथंच रोमन संगमरवरी डोकी आठवली. दोनेक वर्षं झाली, मी मोबाईलवर म्युझियमचे फोटो काढून तेच बघत बसतो. इसवी सनाच्या आधीचं शेवटचं शतक घ्या, तिथल्या मोठ्या घरातली म्हातारी माणसं दगडात कशी आहेत तर टक्कल पडलेली, गाल आत गेलेले, कपाळावर आठ्या, मानेची कातडी लोंबलेली, आणि हे लपवायचं सोडून मुद्दाम दाखवलेलं, कारण वय म्हणजे अनुभव आणि अनुभव म्हणजे मान. काही ठिकाणी सुरकुत्या जरा वाढवूनच कोरल्यात असंही अभ्यासक म्हणतात.

त्यांच्या घरात पूर्वजांचे मेणाचे मुखवटे असायचे, लाकडी कपाटात ठेवलेले. घरात कोण गेलं की त्या-त्या पूर्वजाच्या अंगलटीचा माणूस तो मुखवटा घालून अंत्ययात्रेत चालायचा, पॉलिबियस नावाच्या ग्रीक इतिहासकारानं हे लिहून ठेवलंय. आमच्या देव्हाऱ्यात पूर्वजांचे चांदीचे टाक आहेत, सणाला आम्ही ते उजळून पुजतो, त्यामुळं मला हे कधी परकं वाटलंच नाही.

टचअप तिकडंही होतं म्हणा. सम्राट ऑगस्टस पंचाहत्तरी गाठून इ.स. १४ मध्ये गेला, पण दगडात शेवटपर्यंत तरणाच. मग इ.स. ६९ मध्ये व्हेस्पेशियन गादीवर आला आणि टक्कल, सुरकुत्या परत आल्या. मला तोच आवडतो, आमच्या गल्लीत कट्ट्यावर बसलेला कुणी मामा वाटतो.

आणि ते पांढरे कोरे डोळे, ते मुळात तसे न्हवतेच. बुबुळं रंगवलेली असायची, केस-ओठ पण, रंग उडून गेला. सम्राट हेड्रियनच्या काळात, साधारण इ.स. १३० च्या सुमाराला, बुबुळ दगडातच कोरायला लागले, म्हणून त्यानंतरचे चेहरे आपल्याकडं बघतात.

दुसऱ्या दिवशी परत स्टुडिओत गेलो, जुना फोटो पुढं ठेवला, म्हटलं काहीच पुसू नका, आहे तसा द्या. आता तो देव्हाऱ्याच्या वरच्या भिंतीवर आहे, तिळासकट.