मुंबई ते लंडन : अंतर एक, तास निरनिराळे

डिसेंबर २०२५ मध्ये आईला पहिल्यांदाच लंडनला, माझ्या धाकट्या भावाकडे न्यायचे ठरले. तिकीट हातात पडताच तिने चष्मा लावून ते वाचले आणि विचारले, "रात्री दोनला निघून सकाळी साडेसहाला पोहोचायचे, म्हणजे साडेचारच तास?" प्रवास दहा तासांचा होता. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत हा फरक साडेचार तासांचा होतो. आईला मधुमेह आहे आणि तिच्या इन्सुलिनच्या वेळा डॉक्टरांनी प्रत्यक्ष सरलेल्या तासांवर बांधून दिल्या होत्या, म्हणून हा हिशेब मला मुळापासून समजून घ्यावासा वाटला.

या दोन विमानतळांमधील सर्वांत कमी अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली, तर रेषेचा मध्य तुर्कस्तान आणि सीरियाच्या सीमेजवळ येतो. पण पृथ्वी गोल असल्यामुळे ती रेषा खरा जवळचा मार्ग नव्हे. आम्ही पृथ्वीगोलावर मुंबईपासून लंडनपर्यंत शिवणाचा दोरा ताणला, तेव्हा त्याचा मध्य बराच उत्तरेला, जॉर्जियाच्या तिब्लिसी शहराजवळ आला. नकाशावरच्या रेषेने गेल्यास जवळजवळ दोनशे किलोमीटर जास्त पडतात.

ताशी ९०० किलोमीटर वेग धरला, तर ७,२०० किलोमीटरला आठ तास पुरायला हवेत. उरलेले दोन तास कुठे जातात, याचे उत्तर त्या दोऱ्यावरच आहे. दोरा पाकिस्तान, इराण, काळा समुद्र आणि युक्रेन यांवरून जातो. युक्रेनचे आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे, आणि २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली. आमचे विमान भारतीय कंपनीचे होते, त्यामुळे त्याला आधी अरबी समुद्रावरून पश्चिमेकडे जावे लागणार होते आणि पुढे युक्रेनला दक्षिणेकडून वळसा घालावा लागणार होता. लढाईची झळ प्रवाशाच्या तासांनाही लागते, हे मला तेव्हा प्रकर्षाने जाणवले.

दुसरे कारण वारा. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्यांचे पट्टे वाहतात आणि हिवाळ्यात ते अधिक जोरदार असतात. लंडनला जाताना हा वारा समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. म्हणूनच येतानाचा प्रवास सुमारे नऊ तासांचा असतो. याशिवाय तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंत जाणे-येणे धरलेले असते, आणि हीथ्रोला उतरण्याआधी गर्दीच्या वेळी आकाशात घिरट्याही घालाव्या लागतात.

आईच्या एका मनगटावर भारतीय वेळेचे घड्याळ राहिले, दुसऱ्यावर भावाने लंडनची वेळ लावून दिली. इन्सुलिन ती संपूर्ण प्रवासात पहिल्याच घड्याळावर घेत राहिली.