पोटातले पाणी आणि नव्या रक्तवाहिन्या

मावशीला अंडाशयाचा कर्करोग असल्याचे कळले तेव्हा तिचे पोट पाण्याने तट्ट फुगलेले होते, आणि गाठ अंडाशयात असताना पाणी पोटभर कसे, हा प्रश्न मला कित्येक दिवस सोडत नव्हता. त्याचे उत्तर रक्तवाहिन्यांपाशी मिळाले.

गाठीला एकदोन मिलिमीटरपलीकडे वाढायचे तर स्वतःचा रक्तपुरवठा लागतो, हा विचार अमेरिकी शल्यचिकित्सक जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. प्राणवायू कमी पडू लागला की गाठीतील पेशी व्हीईजीएफ नावाचे प्रथिन सोडतात आणि त्यामुळे जवळच्या रक्तवाहिन्यांना नवे फाटे फुटतात. मात्र १९८३ मध्ये हेच प्रथिन प्रथम ओळखले गेले ते रक्तवाहिन्या झिरपायला लावणारा घटक म्हणून, तेही गिनीपिगच्या पोटात कर्करोगामुळे साचलेल्या पाण्याच्या अभ्यासातून. मावशीचे पोट फुगण्यामागे या झिरपण्याचा मोठा वाटा होता.

मग गाठीतल्या रक्तवाहिन्या मोजून पुढचे भाकीत करता येईल का? पॅथॉलॉजिस्ट सीडी३१ किंवा सीडी३४ या, वाहिन्यांच्या अस्तरातील पेशींवर असणाऱ्या प्रथिनांच्या खुणांनी वाहिन्या रंगवतात आणि त्या सर्वांत दाट दिसतील तिथे मोजतात. काही अभ्यासांत जास्त दाटी असलेल्या स्त्रियांचे आयुष्य कमी भरले, तर काहींत असा संबंध आढळला नाही. मला यात नवल वाटत नाही, कारण या वाहिन्या वेड्यावाकड्या व गळक्या असतात आणि संख्येवरून त्यांचे काम कळत नाही. त्यामुळे आजही डॉक्टर आधी पाहतात ते आजाराचा टप्पा आणि शस्त्रक्रियेनंतर किती गाठ मागे उरली, हेच.

व्हीईजीएफला अडवणाऱ्या बेव्हासिझुमॅबची कथाही अशीच अर्धी गोड आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत केमोथेरपीसोबत आणि त्यानंतरही हे औषध चालू ठेवल्यावर आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ १०.३ महिन्यांवरून १४.१ महिन्यांवर गेला, परंतु एकूण आयुष्यात लक्षणीय फरक पडला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चाचणीत, आजार जास्त पसरलेल्या स्त्रियांच्या गटात मात्र आयुष्यही लांबल्याचे दिसले.

मावशीला हे औषध द्यायचे ठरले, तेव्हा आम्हाला एकेक दिवस जड जात होता. तरी डॉक्टरांनी शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे थांबायला सांगितले, कारण टाक्यांची जखम भरून येण्यासाठीही नव्या रक्तवाहिन्याच लागतात.