छाननीवाल्यांची बाजू

डायरेक्टेड इव्होल्यूशन म्हणजे एन्झाइमच्या जनुकात मुद्दाम बदल करायचे आणि त्यातून हवं तसं एन्झाइम फेरीफेरीने निवडत जायचं. हा विषय निघाला की सगळे म्युटेशनबद्दल, म्हणजे जनुकातल्या बदलांबद्दल बोलतात. मला विचाराल तर म्युटेशन हा त्यातला सगळ्यात स्वस्त भाग. पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती काढताना, थोडं मँगनीज टाका, प्रती काढणारं पॉलिमरेज आपणहून चुका करायला लागतं. खरा घाम पुढे निघतो, बदललेलं जनुक घेऊन वाढणाऱ्या जिवाणूंच्या हजारो कॉलनींमधून (ठिपक्यांमधून) कामाची नेमकी हेरताना. मी स्क्रीनिंगवालीच, म्हणजे ही छाननी करणारी, आहे, तेव्हा पक्षपात धरूनच वाचा.

फ्रान्सेस अर्नोल्ड यांचं सबटिलिसिन ई वरचं काम घ्या. हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम. याचेच भाऊबंद कपडे धुण्याच्या पावडरीत असतात. पाण्यात झकास चालतं, पण डीएमएफसारख्या सेंद्रिय सॉल्व्हंटमध्ये (द्रावकात) मान टाकतं. कॅल्टेक या अमेरिकी विद्यापीठात अर्नोल्ड यांनी आगरच्या प्लेटमध्ये दुधातलं केसीन घातलं आणि सोबत डीएमएफही. केसीनमुळे प्लेट धुरकट दिसते. ज्या कॉलनीचं एन्झाइम डीएमएफ सोसूनही केसीन पचवतं, तिच्याभोवती पारदर्शक कडं उमटतं. कडं ठसठशीत असेल ती कॉलनी उचलायची, तिच्या जनुकात पुन्हा चुका, पुन्हा प्लेट. १९९३ साली त्यांनी जाहीर केलेला प्रकार ६० टक्के डीएमएफमध्ये मूळ एन्झाइमच्या २५६ पट काम करत होता. २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्यांचा, तो उगाच नाही.

पायरी-पायरीनेच का जायचं? सबटिलिसिनमध्ये २७५ अमिनो ॲसिड. एकेक जागा बदलायची, प्रत्येक जागी बाकीचे १९ पर्याय, तर ५,२२५ शक्यता. दोन जागा एकदम बदला, की आकडा १ कोटी ३६ लाखांवर जातो. ९६ खळग्यांच्या प्लेटी लावत बसलात तर १ लाख ४१ हजारांहून जास्त. एवढ्या प्लेटी धुणार कोण?

मधुमेहावरच्या सिटाग्लिप्टिन या औषधाची गोष्ट याहून चलाख. मर्क आणि कोडेक्सिस या कंपन्यांना ते बनवताना ऱ्होडियम या धातूच्या उत्प्रेरकाच्या जागी ट्रान्सअमिनेज हे एन्झाइम हवं होतं, पण हाताशी असलेल्या एन्झाइमला ज्यापासून औषध बनतं तो थोराड कीटोन झेपेचना. सुरुवातीला क्रियाच शून्य, मग निवडणार काय? म्हणून आधी त्या कीटोनचा छोटा तुकडा दिला, त्यावर एन्झाइममधली रेणू बसण्याची खाच मोठी केली आणि मग अख्खा रेणू पुढे केला. २०१० मध्ये छापून आलेल्या अंतिम एन्झाइममध्ये २७ बदल होते.

आमच्याकडे सध्या लायपेज, म्हणजे तेल-चरबी तोडणारं एन्झाइम, चालू आहे. चाचणीसाठी तेलाऐवजी घातलेलं पॅरा-नायट्रोफिनाइल एस्टर तुटलं की खळगा पिवळा होतो, रंग मोजणारा रीडर क्षणात आकडे देतो, वरिष्ठ खूश. माझं दुखणं एवढंच, की फेरीगणिक एन्झाइम त्या पिवळ्या रंगात तरबेज होत चाललंय आणि आपल्याला तोडायचंय खरं तेल. तेलावर तपासायचं तर एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र, लागणार, म्हणजे एकेका नमुन्याला कित्येक मिनिटं. तरी पुढच्या फेरीतले निदान वरचे पन्नास नमुने तेलावर घालू द्या, असं सोमवारच्या मीटिंगमध्ये मांडणार आहे. एचपीएलसीची वेळ आधीच अडवून ठेवलीय.