सात-अष्टमांश न्यूपोर

मिलवॉकीहून उत्तरेला मोटारीने साधारण दीड तास गेल्यावर ऑशकॉश लागते. विस्कॉन्सिन राज्यातल्या या लहानशा शहराच्या विटमन विमानतळावर एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनचा मेळा 1970 पासून उन्हाळ्यात भरत आला आहे. जेट विमानांच्या कसरतींसाठी जमलेली गर्दी सोडून मी पहिल्याच सकाळी हौशी लोकांनी स्वहस्ते बांधलेल्या विमानांकडे वळलो, कारण मला पाहायचे होते ते न्यूपोर 11 या फ्रेंच द्विपंखी विमानाचे, सुट्या भागांच्या संचातून उभे केलेले सात-अष्टमांश रूप.

मूळ न्यूपोर पहिल्या महायुद्धात, 1916 च्या जानेवारीत आघाडीवर आले. गुस्ताव्ह दलाज यांनी आखलेल्या या विमानाच्या पंखांचा विस्तार जेमतेम साडेसात मीटर होता आणि वैमानिक त्याला लाडाने ‘बेबे’, म्हणजे तान्हे बाळ, म्हणत. या बाळाला आणखी लहान का करावे, हा प्रश्न मी सोबत घेऊनच आलो होतो. विमान बांधणाऱ्या वयस्क गृहस्थांनी त्याचे उत्तर इंजिनाकडे बोट दाखवून दिले. मूळ विमानात 80 अश्वशक्तीचे ले रोन इंजिन असे. त्याचे नऊही सिलिंडर प्रोपेलरबरोबर गरगर फिरत आणि वंगण म्हणून घातलेले एरंडेल बाहेर उडत राही. अशी इंजिने आज दुर्मीळ आहेत. हौशी माणसाच्या आवाक्यातले इंजिन म्हणजे फोक्सवॅगन मोटारीचे, साधारण साठ अश्वशक्तीचे, आणि त्याला पेलवेल असे विमान हवे तर ते लहान आणि हलकेच असले पाहिजे.

मात्र लहान करणे हे वाटते तितके सरळ काम नाही. प्रत्येक माप सात-अष्टमांश केले की पंखांचे क्षेत्रफळ जवळजवळ पाऊणपट उरते आणि आकारमान दोन-तृतीयांशावर येते. बसणारा माणूस मात्र पूर्ण मापाचाच राहतो. फोक्सवॅगनचे इंजिन आखूड प्रोपेलर वेगाने फिरवते, तर न्यूपोरची ओळख असलेले गोल, रुंद नाक नेमके त्याच्या मागे येऊन हवा अडवते. ते नाक अरुंद केले असते तर विमान अधिक चांगले उडाले असते, पण मग ते न्यूपोर राहिले नसते, आणि ही तडजोड मला मनापासून पटली. वरच्या पंखावर लुईस मशीनगनची लाकडी प्रतिकृतीही होती. मूळ विमानात ती तेवढ्या उंचीवर बसवत, कारण प्रोपेलरच्या फिरत्या पात्यांमधून अचूक वेळ साधून गोळ्या झाडणारी यंत्रणा त्यात नव्हती.

खालचा पंख मी वाकून बराच वेळ पाहिला. वैमानिकाला खालचे दिसावे म्हणून तो मुद्दाम अरुंद ठेवलेला असून मूळ रचनेत त्याच्या आत एकच मुख्य दांडा होता. त्यामुळे तीव्र सुरकांडीत तो पंख पिळवटून मोडण्याचा धोका असे. या गृहस्थांनी वेगाची मर्यादा डोळ्यांसमोरच्या फळीवर लाल अक्षरांत लिहून ठेवली होती.

सांगाडा लाकडाऐवजी ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा, जोडपट्ट्या आणि रिव्हेट यांनी बांधलेला होता. त्यावरचे पॉलिएस्टर कापड इस्त्रीने आवळतात, आणि हे काम जवळच्या कार्यशाळेच्या तंबूत मला स्वतः करू दिले. शेवटचा हात 350 अंश फॅरनहाइटला फिरवायचा असतो. त्याहून बरीच जास्त उष्णता दिली तर कापड आवळण्याऐवजी सैल पडते, म्हणून इस्त्रीवरील आकड्यावर विश्वास न ठेवता तिचे तापमान आधी वेगळे मोजून घेतात. हाताखालचे ढिले कापड हळूहळू ढोलकीच्या पुडीसारखे ताणले गेले तेव्हा झालेला आनंद शब्दांत मांडणे अवघड आहे.

अमेरिकेत संच विकत घेतला, तरी निम्म्याहून अधिक बांधणी हौशी माणसांनी शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेली असावी लागते, तरच त्या विमानाला हौशी बांधणीचा परवाना मिळतो. त्यानंतरही, अशा मोटारीच्या इंजिनावर सहसा 40 तासांची चाचणी-उड्डाणे ठरवून दिलेल्या क्षेत्रातच करावी लागतात. या गृहस्थांचे ते तास पूर्ण झाले होते.

संध्याकाळी वारा पडल्यावर त्यांनी दक्षिणेकडच्या गवताळ धावपट्टीवरून उड्डाण केले. त्यांचे डोके आणि खांदे विमानातून इतके वर आले होते की मूळ छायाचित्रांतल्या वैमानिकांपेक्षा ते धिप्पाड भासत होते. दोन फेऱ्या मारून ते उतरले तेव्हा शेपटाखालची पट्टी गवतात रुतत गेली आणि ब्रेक नसलेले विमान आपोआप थांबले. मग आम्ही दोघांनी शेपूट उचलून धरले आणि विमान ढकलत जागेवर नेले.