निळं पाणी

प्लेटिंगच्या (धातूचा मुलामा चढवण्याच्या) सांडपाण्यात कॉस्टिक सोडा टाकून पीएच साडेनऊवर नेला की तांब्याचं हायड्रॉक्साइड गाळ होऊन खाली बसतं. वरचं पाणी तपासायचं, सही करायची, एवढंच माझं रोजचं काम. त्या सकाळी गाळच बसला नाही. पाणी आरपार दिसत होतं, पण निळं.

"कॉस्टिक वाढव," सर म्हणाले. आमच्याकडे सगळ्या दुखण्यांवर हेच एक औषध आहे. पीएच 12 केला, रंग जागचा हलला नाही. एएएसवर, म्हणजे धातू मोजायच्या यंत्रावर, तांबं लिटरला 38 मिलिग्रॅम. 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून पाहिलं तरी तेवढंच, म्हणजे बारीक कण तरंगताहेत हाही बहाणा संपला. तांब्याला निळं विरघळवून ठेवणारा अमोनिया असता तर या पीएचला नाकानेच आधी ओळखला असता.

मग लाइनवर चौकशी केली. विजेशिवाय तांबं चढवतात ती टाकी रात्री रिकामी केली होती. "थोडंसंच सोडलं, मॅडम." त्या थोड्याशात ईडीटीए होतं, धातूला धरून पाण्यात विरघळलेलं ठेवणारं रसायन. त्याचा एक रेणू तांब्याच्या आयनला चार ऑक्सिजन आणि दोन नायट्रोजन लावून कवेत घेतो. पकडीचा आकडा, लॉग के, 18.8, म्हणजे फार घट्ट. हायड्रॉक्साइडच्या हाती तांबं येणार कुठून?

तांबं खाली बसवायला सोडियम सल्फाइड वापरावं का, यावर मी पुस्तकं चाळत होते. तेवढ्यात ऑपरेटरदादांनी जुन्या गोणीतला चुना एका जारमध्ये टाकला. मी मनातल्या मनात हसले. पीएच दोन्हीकडे 12च, फरक काय पडणार? अर्ध्या तासात निळसर गाळ तळाला.

फरक कॅल्शियमचा होता. ईडीटीए त्याला तांब्यापेक्षा दहा कोटी पटींहून सैल धरतं, म्हणून मी त्याचा हिशेबच केला नव्हता. पण कॅल्शियम मुबलक, आणि पलीकडून हायड्रॉक्साइड तांब्याला ओढतंय. दोघांनी मिळून काम केलं. कॉस्टिकमधल्या सोडियमला ईडीटीए जवळपास विचारतच नाही. आणि चुन्याने गाळ फार होतो म्हणून तो बंद करायला लावणारी मीच.

मोठ्या टाकीत पहिल्या खेपेला दुसऱ्या पाळीच्या पोराने गाळ न काढताच आम्ल ओतून पीएच 7 वर आणला. पाणी पुन्हा निळं! कॅल्शियमला सोडून ईडीटीए परत तांब्याकडे. दुसऱ्या खेपेला आधी गाळलं, मग आम्ल.

रिपोर्टवर तांबं मर्यादेत आहे, माझी सही आहे. ईडीटीए मात्र सगळं त्या पाण्याबरोबर गेलं, कॅल्शियम धरून, पुढे दुसरा धातू भेटेपर्यंत. त्याच्यासाठी फॉर्मवर रकानाच नाही.