तेरवीनंतरची फाइट

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये लढतीच्या आदल्या दिवशी वजन होतं, आणि वजनकाट्याशेजारी माझं टेबल असतं. मी पेशानं सर्जन. रिंगसाइड डॉक्टरचं काम आवडीनं करतो, त्यात पैसा फारसा नाही. एचआयव्ही आणि हिपॅटायटिसचे रिपोर्ट बघायचे, मेंदूचा स्कॅन बघायचा, रक्तदाब घ्यायचा, डोळ्यांत टॉर्च मारायचा, मुठीतलं एकेक हाड दाबून पाहायचं, डोळे मिटून सरळ उभं राहायला लावायचं. मुंबईतल्या त्या संध्याकाळी रांगेतून एक पोरगा पुढे आला, डोक्याचा चकोट केलेला. बॉक्सर असले प्रकार करतातच, म्हणून मी काही विचारलं नाही. मग त्याच्यामागे उभा असलेला थोरला भाऊ दिसला. त्याच्याही डोक्यावर केस नव्हते.

"माय गेली जी," थोरला म्हणाला. "काल तेरवी झाली. रातच्या विदर्भ एक्स्प्रेसनं निघालो."

अकोल्याची मंडळी. तिथल्या क्रीडा प्रबोधिनीमुळे अकोल्यात बॉक्सिंगची चांगली परंपरा आहे. थोरलाही आधी तिथंच शिकलेला. बाप लवकर गेला, आई दालमिलमध्ये कामाला. घरात कुणीतरी कमावणं भाग होतं, म्हणून थोरल्यानं ग्लोव्हज उतरवले आणि ऑटो धरला. धाकटा खेळत राहिला, पुढे प्रो, म्हणजे व्यावसायिक बॉक्सर झाला. आपल्याकडे प्रो बॉक्सिंगवर घर चालत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. तरी प्रत्येक फाइटला थोरला ऑटो उभा करून कॉर्नरमध्ये, म्हणजे रिंगच्या कोपऱ्यात भावाच्या मदतीला हजर.

आईला अग्नी धाकट्यानं द्यायचा, अशी त्यांच्याकडची रीत. म्हणजे दहा दिवसांचे विधी यानं करायचे, आणि त्याच दिवसांत वजनही उतरवायचं. त्याचा वजनगट लाइटवेट, मर्यादा ६१.२ किलो. तेरवीच्या पंगतीत पुरणपोळी वाढलेली असताना हा ताटाला नमस्कार करून उठला. मामा चिडला, मायच्या नावाचा घास नाकारतो म्हणून चार माणसांत बोलला. काटा ६१ वर थांबला तेव्हा धाकट्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. थोरल्यानं मात्र मोठा श्वास सोडला.

माझ्या अर्जात दुःखाला रकाना नाही. नाडी ठीक, रक्तदाब किंचित वर, जीभ कोरडी. झोप लागते का, विचारलं. "लागते," धाकटा म्हणाला. मागे थोरल्यानं नकारार्थी मान हलवली. मी सही राखून ठेवली. रात्रभर थोडं थोडं मीठ-साखर-पाणी पी, सकाळी पुन्हा बघतो, असं सांगितलं. थोरला मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, त्याले रोकू नका. घरी बसला तं येडा होईन."

अशा गोष्टी लोकांना फार आवडतात, हे मला ठाऊक आहे. आई गेली, पोरगा रिंगमध्ये उतरला, जिंकला. याचं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकन बॉक्सर बस्टर डग्लसचं. ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत त्यानं तोवर अपराजित असलेल्या जगज्जेत्या माइक टायसनला दहाव्या फेरीत झोपवलं, तेव्हा त्याची आई जाऊन महिनाही झाला नव्हता. सट्टेबाजांनी त्याच्यावर ४२ ला १ भाव लावला होता. आठव्या फेरीत तो स्वतः खाली पडला होता आणि उठला. हे सगळे सांगतात. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये इव्हांडर होलीफिल्डनं त्याला तिसऱ्याच फेरीत संपवलं, ते कुणी सांगत नाही. आई तर तेव्हाही गेलेलीच होती.

दुसरी गोष्ट आम्ही डॉक्टर मंडळी विसरू शकत नाही. १३ नोव्हेंबर १९८२, लास वेगास. अमेरिकन बॉक्सर रे मॅन्सिनी आपल्या वडिलांसाठी लढत होता. त्यांचं विजेतेपदाचं स्वप्न दुसऱ्या महायुद्धातल्या जखमांनी हिरावलं होतं. समोर कोरियाचा डुक-कू किम. घरी त्याची वाग्दत्त वधू गरोदर. चौदाव्या फेरीत किम पडला, मेंदूत रक्तस्राव झाला आणि काही दिवसांत तो गेला. दोघेही घरासाठीच लढत होते. त्यानंतर विजेतेपदाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आल्या. घराच्या प्रेमानं कवटी जाड होत नाही. हे बोललं की आयोजक मला खडूस म्हणतात. म्हणोत.

सकाळी पोराची जीभ ओली होती, वजन भरून आलं होतं, रक्तदाब उतरला होता. मी सही केली.

सहा फेऱ्यांची लढत. माझी खुर्ची रिंगला चिकटून. मागे ऑक्सिजन आणि स्ट्रेचर, बाहेर अँब्युलन्स तोंड रस्त्याकडे करून उभी. पहिल्या दोन फेऱ्या पोरानं सुरेख काढल्या. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट ठोसा, सरळ; पाय हलके. तिसरीत त्याचा उजवा हात हनुवटीवरून खाली आला आणि खालीच राहिला. समोरच्याचा डावा हुक, म्हणजे बाजूनं वळून येणारा ठोसा, बसला. पुन्हा बसला. पोरगा मागे हटला नाही, डोकं वळवलं नाही, उलट पुढे सरकला. प्रेक्षक खूष. माझ्या पोटात गोळा.

थकलेल्या बॉक्सरचा हात जडपणानं पडतो, आणि तो उचलायची धडपड दिसते. याची धडपडच नव्हती. लागू दे, अशा हिशेबानं उभा होता. डोक्याला झटका बसतो तेव्हा मेंदूभोवतीच्या बारीक शिरा ताणल्या जातात. त्यातली एखादी तुटली की रक्त साचत जातं, आणि कधी कधी माणूस आधी चांगला बोलतो, चालतो, मग कोसळतो. वजन उतरवताना शरीरातलं पाणी गेलेलं असेल तर धोका वाढतो, असा आम्हाला दाट संशय आहे. ठोशाला न भिणाऱ्या पोराइतकी भीती मला कशाचीच वाटत नाही.

चौथी फेरी संपली तसा मी दोरांपाशी चढलो. भुवईवर चिरलं होतं. कटमन, म्हणजे कॉर्नरमधला जखमा सांभाळणारा माणूस, रक्त थांबवायला अ‍ॅड्रिनलिनचा बोळा दाबून धरत होता. मी टॉर्च मारला. बाहुल्या सारख्या.

"कितवी फेरी झाली?"

"चौथी."

"कुठं आहेस?"

"मुंबई." मग जरा थांबून, "भाऊ आहे ना संगं."

उत्तरं बरोबर, तोल बरोबर. थांबवायला हवं असं वाटत होतं, पण रेफरीला सांगण्याजोगं कारण हातात नव्हतं. तेवढ्यात थोरला स्टुलासमोर गुडघ्यावर बसला, धाकट्याच्या मांडीवर सणसणीत चापट मारली आणि म्हणाला, "माय नाही पाहून राह्यली. मी पाहून राह्यलो. हात वर ठेव, नाही तं आत्ता टावेल फेकतो." कॉर्नरमधून टॉवेल पडला की हार मानून लढत थांबते.

धाकट्यानं वर बघितलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर राग दिसला. घंटा झाली तेव्हा दोन्ही हात गालाला चिकटलेले होते.

पाचवी आणि सहावी त्यानं डोकं वापरून खेळली. मार खाणं कमी झालं, पण गेलेले गुण परत आले नाहीत. तीनपैकी दोन पंचांनी समोरच्याला विजयी ठरवलं. माझ्याही मते तो निर्णय योग्य होता. टाळ्या मात्र हरणाऱ्याला जास्त मिळाल्या. निवेदकानं त्याची आई गेल्याचं माइकवर सांगून टाकलं होतं. ते त्याला विचारून सांगितलं होतं असं मला वाटत नाही.

कपडे बदलायच्या खोलीत मी भुवई शिवत होतो. पोरानं सवयीनं पिशवीतून फोन काढला, लावायला गेला आणि थांबला. फाइट झाली की आईला फोन जायचा, असं थोरला सांगू लागला. ती जिंकला की हरला हे कधी विचारायचीच नाही, फक्त विचारायची, नाक तं नाही फुटलं? मी टाका घेता घेता नाक तपासलं. शाबूत होतं. तसं सांगितलं तर धाकटा हसला आणि मग जे रडायला लागला, की मला सुई बाजूला ठेवावी लागली. थोरल्यानं त्याला गप्प केलं नाही. स्टीलच्या डब्यातून तेरवीची पोळी काढली, तुकडे केले आणि टेबलावर ठेवले. रडता रडता त्यानं सगळी संपवली, मग पाणी मागितलं.

शेवटी अर्जावर सक्तीच्या विश्रांतीचे दिवस लिहायचे असतात. जखम आणि डोक्यावर बसलेले हुक धरून मी पंचेचाळीस म्हणालो.

धाकटा ताठ बसला. "तीस करा ना सर. पुढच्या महिन्यात पुण्याले एक फाइट भेटून राह्यली."

थोरला त्याच्या बुटांच्या नाड्या सोडत होता. मान वर न करता म्हणाला, "साठ लिहा, साहेब."

धाकट्यानं भावाला अस्सल वऱ्हाडी शिवी हासडली, आणि मी साठ लिहिले.